ड्रम मशीन, सिंथ आणि कॉम्प्युटर एका लयीत कसे चालवायचे

ड्रम मशीनवर १२० बीपीएम (मिनिटाला १२० बीट) लावला, कॉम्प्युटरवरही १२० लावला आणि दोन्ही एकदम सुरू केले, तर पहिले काही बार (चार-चार बीटचे गट) छान जातात. मग ठोके हळूहळू फाटायला लागतात. दोन्हींच्या आत वेळ मोजणारे क्रिस्टल वेगवेगळे असतात आणि कुठलेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दहा हजारांत एक भाग एवढाच फरक धरला, तरी पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ३० मिलिसेकंदांची फट पडते. तेवढ्यात एका किकच्या (बास ड्रमच्या ठोक्याच्या) जागी दोन किक ऐकू येतात. म्हणजे दोन्हीकडे सारखा आकडा लावून सिंक होत नाही. वेळ एकानेच मोजायची आणि बाकीच्या सगळ्यांनी त्याच्या मोजणीवर चालायचं.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. सिंकमध्ये दोन प्रकारचे दोष येतात. पहिला उशीर, म्हणजे लेटन्सी: मशीन प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने मागे वाजतं. दुसरा डळमळ, म्हणजे जिटर: एक ठोका दोन मिलिसेकंद मागे, पुढचा सहा मागे, त्याच्या पुढचा वेळेवर. उशीर कितीही असला तरी एका सेटिंगने निघतो, कारण सगळंच तेवढं पुढे सरकवता येतं. डळमळीवर असं कुठलंही सेटिंग चालत नाही, ती मुळातच कमी करावी लागते. नवीन माणूस बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातो. त्या उशिराच्या सेटिंगचा, म्हणजे डिलेचा, आकडा तासभर फिरवत बसतो आणि काही जुळत नाही म्हणून वैतागतो. आधी डळमळ आटोक्यात आणा, मग उशीर मोजा आणि काढून टाका. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

तारेतून नेमकं काय जातं

सगळ्यात जास्त वापरात आहे ते मिडी क्लॉक. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना संदेश पाठवायची भाषा. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांसमोर एकमेकांशी बोलले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून आलेलं ते मानक आजही चालू आहे आणि पाच पिनांच्या केबलवरचा वेगही तोच आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट जायला ०.३२ मिलिसेकंद लागतात. हा आकडा पुढे कामाला येईल.

मिडी क्लॉक म्हणजे दर बीटला २४ टिक. प्रत्येक टिक एका बाइटचा. १२० बीपीएमला बीट ५०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे साधारण दर २०.८ मिलिसेकंदांनी एक टिक. टिकमध्ये टेम्पोचा आकडा नसतो. घेणारं मशीन दोन टिकांमधलं अंतर मोजतं आणि त्यावरून टेम्पो काढतं. ड्रम मशीनच्या पडद्यावर आकडा ११९.९ आणि १२०.१ च्या मध्ये नाचताना दिसतो तो यामुळेच. एवढ्या नाचण्याने घाबरायचं कारण नाही.

टिकांसोबत आणखी तीन संदेश येतात: स्टार्ट, स्टॉप आणि कंटिन्यू. स्टार्ट मिळालेलं मशीन त्यानंतर येणाऱ्या पहिल्या टिकवर सुरू होतं. गाण्याच्या मधूनच सुरुवात करायची असेल, तर साँग पोझिशन पॉइंटर नावाचा चौथा संदेश लागतो. तो स्टेपमध्ये, म्हणजे बीटच्या चौथ्या भागात, जागा सांगतो. बरीच ड्रम मशीन आणि ग्रूव्हबॉक्स त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. तुमचं मशीन तसं असेल, तर नेहमी गाण्याच्या सुरुवातीपासून वाजवा, नाहीतर निदान पॅटर्न जिथे नव्याने सुरू होतो तिथून तरी.

क्लॉकमध्ये स्विंगही (मधल्या स्टेप जराशा उशिरा वाजवून आणलेली लचक) नसतो. कॉम्प्युटरवर ५८ टक्के स्विंग लावला आणि ड्रम मशीनवर काहीच नसेल, तर सिंक उत्तम असूनही दोन्हींचे हायहॅट एकमेकांच्या पायात पाय घालतील. स्विंग दोन्हीकडे हाताने जुळवावा लागतो. तोही कानाने, कारण प्रत्येक कंपनीचं टक्केवारीचं गणित वेगळं असतं.

मिडीच्या आधीची आणि आजूबाजूची क्लॉक आहेत, तीही ओळखून ठेवा. रोलँडच्या टीआर-८०८, टीआर-६०६ आणि टीबी-३०३ वर डिन सिंक आहे. सॉकेट मिडीसारखंच पाच पिनांचं दिसतं, पण आतून जातात त्या साध्या व्होल्टेजच्या पल्स. बीटला २४. मिडीची केबल थेट त्यात लावून काहीही होणार नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो. त्या काळात प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता: कॉर्गची मशीन बीटला ४८ पल्स धरायची, लिनही ४८, ओबरहाइम ९६. कॉर्गच्या आजच्या व्होल्का मालिकेत छोट्या जॅकवरून ५ व्होल्टच्या पल्स जातात. मूळ सेटिंगमध्ये दर दोन स्टेपला एक, म्हणजे बीटला फक्त दोन. मॉड्युलर सिंथमध्ये बीटला चार पल्स देण्याची पद्धत बरीच दिसते. एखादं मशीन दुप्पट किंवा अर्ध्या वेगाने धावत असेल, तर पहिला संशय या आकड्यावर घ्यायचा.

मास्टर एकच

आता ठरवा, वेळ कोण मोजणार. रेकॉर्डिंग, एडिटिंग, गाण्याची मांडणी असं काम असेल तर कॉम्प्युटरला मास्टर करा. रेकॉर्ड केलेलं सगळं ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या बीटच्या रेषांवर, बसतं आणि पुढचं काम सोपं होतं. नुसतं वाजवत बसायचं असेल किंवा मंचावर जायचं असेल, तर ड्रम मशीनला किंवा सिक्वेन्सरला मास्टर करणं मला जास्त पटतं. त्याला दुसरं काही काम नसतं, त्यामुळे त्याचे टिक सहसा कॉम्प्युटरपेक्षा स्थिर असतात. कॉम्प्युटरला मात्र हार्डवेअरच्या मागे चालवायला शक्यतो जाऊ नका. सॉफ्टवेअरला सतत हलणाऱ्या टेम्पोमागे धावावं लागतं आणि टेम्पोला बांधलेल्या एको-डिलेचा सूर मग बारीक डुलत राहतो.

मास्टर एकच हवा, हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मात्र दुसरा मास्टर नकळत घुसतो. ड्रम मशीन कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेलं असतं, शिवाय इंटरफेसवरून (कॉम्प्युटर आणि वाद्यं जोडणाऱ्या पेटीवरून) मिडीची पाच पिनांची केबलही आलेली असते, आणि दोन्ही वाटांनी क्लॉक येत असतं. मशीनला बीटला २४ च्या जागी ४८ टिक मिळतात, टेम्पो दुप्पट दिसतो किंवा वेड्यासारखा उड्या मारतो. म्हणून प्रत्येक मशीनला क्लॉक येण्याची वाट एकच ठेवा. बाकीच्या वाटांवर नोट्स जाऊ द्या, पण क्लॉक बंद.

केबल आणि जोडणी

दोन-तीन मशीन असतील तर एकाच्या थ्रूमधून दुसऱ्याच्या इनमध्ये अशी साखळी चालते. प्रत्येक टप्प्यावर सिग्नल ऑप्टो-आयसोलेटरमधून (विजेची जोडणी तोडून प्रकाशाने सिग्नल पुढे नेणाऱ्या भागातून) जातो आणि त्याचा आकार जरा जरा बिघडत जातो. त्यामुळे साखळी लांबली की शेवटच्या मशीनला चुकीचे बाइट मिळायला लागतात. चार किंवा जास्त मशीन असतील तर थ्रू बॉक्स घ्या. त्यात एका इनमधून सगळ्यांना समांतर वाट मिळते. साखळीत आऊट आणि थ्रू यांचा घोळ करू नका. काही मशीन आलेलं क्लॉक आऊटमधून पुढे पाठवतात, काही पाठवत नाहीत. थ्रूमधून मात्र आलेलं सगळं जसंच्या तसं जातं.

छोट्या जॅकच्या मिडी केबलमध्ये एक मेख आहे. टाइप ए आणि टाइप बी अशा दोन जोडण्या बाजारात आहेत आणि दिसायला दोन्ही सारख्याच. २०१८ मध्ये मानक म्हणून टाइप ए ठरला, पण आर्टुरिया आणि नोव्हेशन यांच्या त्याआधीच्या काही मशीनवर टाइप बी आहे. चुकीचा अडॅप्टर लावला तर काही जळत नाही, फक्त काहीच ऐकू येत नाही. सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी अडॅप्टरचा प्रकार बघून घ्या.

यूएसबीची गोष्ट वेगळी. वेग भरपूर आहे, पण डेटा ठरावीक कप्प्यांतून जातो (साध्या यूएसबी मिडीत दर मिलिसेकंदाला एक कप्पा), आणि कॉम्प्युटर तो कधी पाठवतो हे त्याच्या बाकीच्या कामांवर ठरतं. क्लॉक पाठवणारं उपकरण कॉम्प्युटरच्या पोर्टला थेट लावा. हबशिवाय चालतच नसेल, तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्या.

सॉफ्टवेअर आणि मशीन यांची सेटिंग

एबलटन लाइव्हमध्ये लिंक, टेम्पो, मिडीच्या सेटिंग पानावर जा, ज्या आऊटपुट पोर्टवर मशीन आहे त्याच्यासमोरचा सिंक चालू करा. त्याच ठिकाणी मिडी क्लॉक सिंक डिले नावाचा आकडा आहे, तो सध्या शून्यावरच राहू द्या. लॉजिकमध्ये हेच काम प्रोजेक्ट सेटिंगमधल्या सिंक्रोनायझेशनच्या मिडी टॅबवर होतं. तिथेही पोर्ट निवडायचा, क्लॉकवर खूण करायची, डिलेचा रकाना शून्य ठेवायचा. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी बदलतात, पण शोधायच्या गोष्टी त्याच: पोर्ट, क्लॉक, डिले.

मशीनवर क्लॉकचा स्रोत इंटर्नलवरून मिडी किंवा यूएसबीवर आणा. बऱ्याच मशीनवर टेम्पो घेणं आणि स्टार्ट-स्टॉप घेणं यांचे स्विच वेगवेगळे असतात. टेम्पो जुळतो पण प्ले दाबल्यावर मशीन हलत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा त्या दुसऱ्या स्विचची असते.

प्रोजेक्टच्या सुरुवातीला दोन बार रिकामे सोडा. मशीनला टेम्पो पकडायला थोडे टिक लागतात. शिवाय पुढे आपण क्लॉक थोडं आधी पाठवणार आहोत आणि शून्याच्या आधी पाठवायला सॉफ्टवेअरकडे जागाच नसते.

आता मोजा

कानावर विसंबून सिंक लावू नका. मोजमापाला अर्धा तास लागतो आणि एकदा केलं की सेटअप बदलेपर्यंत पुन्हा करावं लागत नाही.

आधी ऑडिओ इंटरफेसची परीक्षा. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ (आवाजाची सेकंदाला ४८,००० मापं, एक माप म्हणजे एक सॅम्पल) आणि टेम्पो १२० ठेवा. या जोडीत एक बीट बरोबर २४,००० सॅम्पलचा आणि एक स्टेप बरोबर ६,००० सॅम्पलचा येतो, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. एका ट्रॅकवर प्रत्येक बीटवर धारदार क्लिक ठेवा. इंटरफेसच्या एका आऊटपुटमधून केबल काढून त्याच इंटरफेसच्या इनपुटमध्ये लावा, आणि दुसऱ्या ट्रॅकवर मॉनिटरिंग बंद ठेवून रेकॉर्ड करा. स्पीकरचा आवाज आधी कमी करा, नाहीतर फीडबॅकची शिट्टी वाजेल. रेकॉर्ड झालेला क्लिक झूम करून बघा. मूळ क्लिकच्या अगदी जागेवर असेल तर उत्तम. काही सॅम्पल मागे-पुढे असेल, तर तेवढी तफावत सॉफ्टवेअरमधल्या ड्रायव्हर एरर किंवा रेकॉर्डिंग ऑफसेटच्या सेटिंगमध्ये भरा आणि पुन्हा रेकॉर्ड करून खात्री करा. इंटरफेसचा स्वतःचा दोष काढल्याशिवाय पुढचे आकडे खोटे येतात.

मग ड्रम मशीन. सोळाही स्टेपवर रिमशॉट किंवा बंद हायहॅट भरा. किक नको, तिची सुरुवात गोल असते आणि ठोका नेमका कुठे सुरू झाला ते दिसत नाही. अॅक्सेंट आणि स्विंग बंद. सॉफ्टवेअरमधून प्ले दाबा आणि आठ-दहा बार रेकॉर्ड करा. पहिले दोन बार सोडून द्या. पुढच्या ठोक्यांवर झूम करून प्रत्येक ठोका ग्रिडच्या रेषेपासून किती सॅम्पल मागे आहे ते लिहीत जा. वीसेक ठोके पुरे.

समजा त्यातले चार आकडे असे आले: २८८, ३१०, २७५, २९५. सरासरी २९२, म्हणजे ४८ ने भागल्यावर साधारण ६.१ मिलिसेकंद. हा उशीर. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक ३५ सॅम्पल, म्हणजे सुमारे ०.७ मिलिसेकंद. ही डळमळ. असे आकडे आले तर खुशाल पुढे जा: सिंक डिलेमध्ये उणे ६.१ भरा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. आता ठोके रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे पसरलेले दिसतील.

डळमळ २४० सॅम्पल, म्हणजे ५ मिलिसेकंद, आली तर डिलेला हात लावू नका. आधी दोष मशीनचा की क्लॉकचा ते शोधा. मशीन स्वतःच्या इंटर्नल क्लॉकवर १२० ला चालवा आणि तसंच रेकॉर्ड करा. आता ग्रिडकडे बघायचं नाही, फक्त दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं. ते ६,००० च्या आसपास आणि दर वेळी जवळजवळ सारखंच आलं, तर मशीन ठाम आहे आणि डळमळ बाहेरून येणाऱ्या क्लॉकची आहे. इथेच अंतर हलत असेल, तर मशीनचा स्वभावच तसा आहे आणि कुठलंही महागडं क्लॉक तो बदलणार नाही. जुन्या ड्रम मशीनच्या चालण्यात जी मजा असते ती थोडी यातूनही येते, त्यामुळे तो नेहमी दोषच मानायची गरज नाही.

किती डळमळ चालेल? पॅड, ड्रोन, हळू उठणारे आवाज यांना काही मिलिसेकंदांचं काहीच वाटत नाही. हायहॅट आणि परकशनमध्ये दोन-तीन मिलिसेकंदांनीही पकड सैल वाटते. खरी अडचण होते ती एकावर एक वाजणाऱ्या आवाजांत. कॉम्प्युटरमधली किक आणि मशीनची किक एकत्र वाजत असतील आणि एक मिलिसेकंदाचा फरक असेल, तर सारख्या आवाजांत ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खोडतो. फरक दर ठोक्याला बदलला की किकचा रंग दर ठोक्याला बदलतो. असा थर लावायचा असेल तर मशीनची किक रेकॉर्ड करून हाताने जागेवर बसवा. तिथे सिंकच्या भरवशावर राहू नका.

डळमळ बाहेरून येत असेल तर

ऑडिओचा बफर (कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत पाठवतो त्यांचा आकार) कमी करून बघा. काही सॉफ्टवेअर मिडी क्लॉक ऑडिओच्या बफरच्या ठोक्यांवर पाठवतं, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर ५१२ चा बफर असेल तर टिक १०.७ मिलिसेकंदांच्या कप्प्यांत अडकू शकतात. १२८ वर तोच कप्पा २.७ मिलिसेकंदांचा होतो.

मग क्लॉकची वाट मोकळी करा. वर सांगितलेला ०.३२ मिलिसेकंदांचा आकडा इथे लागतो. एक नोट सुरू करायला तीन बाइट लागतात, जवळजवळ एक मिलिसेकंद. आठ नोटांचा कॉर्ड त्याच केबलवरून गेला तर ती ७.७ मिलिसेकंद भरलेली राहते. नियमाप्रमाणे क्लॉकचा बाइट दुसऱ्या संदेशाच्या मधेही घुसवता येतो, पण प्रत्येक इंटरफेस तेवढी तत्परता दाखवत नाही. नॉब फिरवताना तर कंट्रोलरच्या डेटाचा पूर येतो. एकाहून जास्त पोर्टचा मिडी इंटरफेस असेल, तर ज्या मशीनचं ताल धरायचं काम आहे त्याला स्वतंत्र पोर्ट द्या.

तरीही जमलं नाही, तर क्लॉक ऑडिओतून पाठवा. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत भरवशाचा उपाय हाच. ऑडिओचा प्रत्येक सॅम्पल आपल्या जागेवरच निघतो, त्याला कॉम्प्युटरच्या बाकीच्या गडबडीचा फटका बसत नाही. ई-आरएम मल्टिक्लॉक किंवा इनरक्लॉकचं सिंक-जेन ही याच तत्त्वावरची उपकरणं आहेत: सॉफ्टवेअरमधला प्लगइन ऑडिओ आऊटपुटमधून पल्स पाठवतो आणि पेटी त्यावरून स्थिर मिडी क्लॉक आणि डिन सिंक तयार करते. व्होल्कासारखं पल्स घेणारं मशीन असेल तर पेटीशिवायही भागतं. एका ट्रॅकवर अर्ध्या बीटच्या अंतराने छोटे पल्स ठेवा, तो ट्रॅक इंटरफेसच्या रिकाम्या आऊटपुटला जोडा आणि तिथून केबल सिंक इनमध्ये घाला. पल्स पकडला जात नसेल तर आवाज वाढवा. त्या ट्रॅकवर इफेक्ट किंवा लिमिटर ठेवू नका, आणि तो मास्टर आऊटपुटला जाणार नाही याची काळजी घ्या. पूर्ण आवाजातली ती टकटक स्पीकरला आणि कानांना चांगली नाही. पल्समध्ये स्टार्ट किंवा जागेची माहिती नसते, त्यामुळे थांबवून पुन्हा सुरू करताना मशीन पहिल्या स्टेपवर आणायचं काम हाताने करावं लागतं.

कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर

दोन लॅपटॉप किंवा लॅपटॉप आणि टॅबलेट जुळवायचे असतील, तर मिडीच्या वाटेला जाऊच नका. एबलटनने २०१६ मध्ये आणलेलं लिंक वापरा. एकाच नेटवर्कवरची सगळी अॅप टेम्पो आणि बीटची जागा आपसात ठरवतात, मास्टर कोणीच नसतो. नवीन येणारा चालू टेम्पो उचलतो, आणि टेम्पो कोणीही बदलू शकतो. शक्य असेल तर नेटवर्कची केबल लावा, निदान वायफाय तरी स्वतंत्र ठेवा. एक लॅपटॉप लिंकमध्ये राहून आपल्या हार्डवेअरला मिडी क्लॉकही देऊ शकतो, ही जोडी फार कामाची आहे.

व्हिडिओसोबत काम असेल तर मिडी टाइमकोड नावाची गोष्ट भेटेल. त्यात टेम्पो नसतो, फक्त तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. नुसतं संगीत करताना त्याची गरज पडत नाही.

वर्ड क्लॉक मात्र वेगळंच प्रकरण आहे आणि इथे बरेच जण गोंधळतात. एस-पीडीआयएफ किंवा एडॅट अशा डिजिटल ऑडिओच्या केबलने दोन डिजिटल उपकरणं जोडली की त्यांचे सॅम्पल मोजणारे क्लॉक जुळावे लागतात. त्याचा बीपीएमशी काही संबंध नाही. रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून बारीक टिकटिक किंवा चर्र आवाज येत असेल, तर दोन्ही उपकरणांचा सॅम्पल रेट सारखा आहे का बघा, एकाला इंटर्नलवर ठेवा आणि दुसऱ्याला त्याच्याकडून क्लॉक घ्यायला लावा.

अडलंच तर

मशीन सुरू होतं पण एक स्टेप मागे किंवा पुढे चालतं: सॉफ्टवेअर प्रत्यक्षात गाण्याच्या मधून सुरू होतंय का बघा, आणि डिलेत भरलेला आकडा चिन्हासकट तपासा. उणेच्या जागी अधिक पडलं की उशीर दुप्पट होतो.

सुरुवात छान आणि मग फट वाढत जाते: हे सिंकच नाही, मशीन अजून इंटर्नल क्लॉकवर आहे. फट वाढत जाणं हीच त्याची खूण. सिंकमध्ये असलेलं मशीन हलेल, डुलेल, पण सरकत जाणार नाही.

पॅटर्नची लांबी वेगळी असली तरी सिंक बिघडल्यासारखं वाटतं. १६ स्टेपच्या शेजारी १२ स्टेपचा पॅटर्न चालू असेल तर ते तीन बारांनी पुन्हा एकत्र येतात. मधे ऐकलं तर सगळं चुकल्यासारखं भासेल.

आणि यूएसबी लावल्यावर स्पीकरमधून घूं किंवा किर्र आवाज यायला लागला, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनलेलं वेटोळं. पाच पिनांच्या मिडीत दोन्ही उपकरणं ऑप्टो-आयसोलेटरने एकमेकांपासून तोडलेली असतात, यूएसबीत तसं नसतं. त्या मशीनचं क्लॉक यूएसबीऐवजी पाच पिनांच्या केबलने द्या. यूएसबीशिवाय सोयच नसेल, तर यूएसबी आयसोलेटर लावा किंवा मशीनच्या ऑडिओ आऊटपुटवर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (ऑडिओच्या वाटेत विजेची थेट जोडणी तोडणारी पेटी) बसवा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका. आवाज जाईल, पण शॉक लागायचा धोका येईल.